विधिमंडळ मॉडर्न करायचं म्हणजे नक्की काय करायचं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी चार वर्षं एका आमदारांच्या ऑफिसात प्रश्न टाइप करायचं काम केलंय. तेव्हापासून सोसायटीतले काका, ट्रेनमधल्या ग्रुपच्या बायका, मावशीचा कॉलेजातला मुलगा, सगळे फिरून फिरून तेच विचारतात, म्हणून एकदाचं लिहून ठेवते. वकिली भाषा येत नाही मला, आणि ती इथे लागणारही नाही.

विधानसभा, विधान परिषद, विधानभवन, विधिमंडळ... एकच ना सगळं?

नाही हो. विधानसभा म्हणजे आपण मत देऊन पाठवतो ते २८८ आमदार. विधान परिषद म्हणजे ७८ जण, त्यातले ३० आमदारांनी निवडलेले, २२ महापालिका, जिल्हा परिषदा वगैरेंकडून, ७ पदवीधर, ७ शिक्षक मतदारसंघातले आणि १२ राज्यपालांनी नेमलेले. दोन्ही मिळून विधिमंडळ. आणि विधानभवन ही बिल्डिंग, नरिमन पॉइंटची, १९८१ पासूनची. त्याआधी कामकाज चालायचं गेटवेजवळच्या जुन्या कौन्सिल हॉलमध्ये, जिथे आता पोलीस महासंचालकांचं ऑफिस आहे. ती बिल्डिंग मुळात खलाशांच्या राहण्यासाठी बांधलेली. म्हणजे खलाशी, मग आमदार, मग पोलीस. मुंबईत एका बिल्डिंगची इतकी रीडेव्हलपमेंट बिल्डरसुद्धा करत नाहीत.

मॉडर्न करणं म्हणजे प्रत्येक आमदाराला टॅबलेट देणं, बरोबर?

सगळ्यांना हेच वाटतं, कारण फोटो त्याचाच येतो. देशात पेपरलेस कामकाजाची सुरुवात हिमाचल प्रदेशने २०१४ ला केली. मग केंद्राने सगळ्या राज्यांसाठी एकच सिस्टीम आणली, नॅशनल ई-विधान अॅप्लिकेशन, सगळे ‘नेवा’ म्हणतात. खर्च साधारण ६७४ कोटींचा, आपल्यासारख्या राज्यात ६० टक्के केंद्राचे आणि ४० टक्के राज्याचे असा हिशोब. नागालँडने २०२२ च्या मार्चमध्ये ते सगळ्यात आधी चालू केलं, उत्तर प्रदेशात त्याच वर्षी ४०३ आमदारांच्या बाकांवर टॅबलेट बसले, गुजरातमध्ये सप्टेंबर २०२३ ला राष्ट्रपतींच्या हस्ते उद्घाटन झालं. केरळने स्वतःची वेगळी सिस्टीम केली.

वाईट आहे का हे? अजिबात नाही. कागद वाचतो, कामकाजाचा क्रम बदलला तर लगेच कळतो, उत्तरांचे गठ्ठे वाटायला लागत नाहीत. पण टॅबलेटवर जे उघडणार ते जर कागदावरचंच असेल, तेवढंच उशिरा आलेलं आणि तेवढंच गुळमुळीत, तर नुसती काच बदलली. माझं मत विचाराल तर, भांडुपला बसलेल्या बाईला घरबसल्या कळलं पाहिजे की तिच्या नाल्याबद्दल मंत्री सभागृहात काय बोलले, कधी बोलले आणि पुढे काय केलं. ते जमलं की झालं मॉडर्न. बाकी टॅबलेटवर वायफाय आलं की लोक काय बघतात ते आपण सगळ्यांनी बघितलंय.

आमदार ‘प्रश्न विचारतात’ म्हणजे नेमकं काय होतं?

हा माझा विषय, त्यामुळे जरा लांबेल.

तुम्हाला वाटतं आमदार उठतो आणि विचारतो. तसं नाही. प्रश्न आधी लेखी द्यायचा, अधिवेशनाच्या कित्येक दिवस आधी. तारांकित म्हणजे ज्याचं उत्तर मंत्री सभागृहात तोंडी देतो आणि त्याच्यावर उपप्रश्न विचारता येतात. अतारांकित म्हणजे फक्त लेखी उत्तर. लक्षवेधी म्हणजे तातडीच्या विषयावर मंत्र्याला निवेदन करायला लावणं. तारांकित प्रश्नाचा नंबर किती वर लागतो त्यावर सगळं अवलंबून, कारण प्रश्नोत्तराच्या तासात मोजकेच प्रश्न तोंडी होतात, बाकीचे कागदावरच राहतात.

आणि प्रश्न लिहायची एक ठरलेली पट्टी आहे. मी झोपेतसुद्धा टाइप करेन. एक, अमुक ठिकाणी अमुक झालं ‘हे खरे आहे काय’. दोन, ‘असल्यास’, शासनाने चौकशी केली आहे काय. तीन, ‘असल्यास’, चौकशीत काय आढळून आलं आणि त्यानुसार कोणती कार्यवाही केली वा करण्यात येत आहे. चार, ‘नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत?’

उत्तरंही पट्टीतलीच. ‘हे खरे नाही.’ ‘हे अंशतः खरे आहे.’ ‘चौकशी सुरू आहे.’ आणि चौथ्याला कायम ‘प्रश्न उद्भवत नाही.’

आमच्या चाळीमागच्या नाल्याची संरक्षक भिंत पावसात पडली होती, पाणी थेट तळमजल्यावरच्या स्वयंपाकघरात. त्याचा प्रश्न मी स्वतः टाइप केला, म्हणजे माझ्याच घराचा प्रश्न माझ्याच हाताने, सही अर्थातच साहेबांची. उत्तर आलं ‘हे अंशतः खरे आहे’. मी घरी आईला वाचून दाखवलं तर ती म्हणाली, भिंत अंशतः पडली की पाणी अंशतः आलं ते विचार तुझ्या मंत्र्याला. चौथ्या भागाचं उत्तर होतं प्रश्न उद्भवत नाही. तेव्हा आमच्याकडे फ्रीज विटांवर उभा होता.

आता यात मॉडर्न काय करायचं ते बघा. संबंधित खात्याने उत्तर तयार करताना वॉर्डातून फोटो मागवला, मोजमाप मागवलं, कामाचा ऑर्डर नंबर मागवला आणि हे सगळं उत्तराला जोडलं, की ‘अंशतः’ म्हणायची सोयच राहत नाही. त्याला फार मोठं सॉफ्टवेअर लागत नाही, फॉर्ममध्ये चार रकाने वाढवायचे.

पण उत्तरं इतकी उशिरा आणि इतकी मोघम का येतात?

कारण उत्तर विधानभवनात तयार होत नाही, मंत्रालयात होतं, आणि मंत्रालयातही नाही, खाली जिल्ह्यात किंवा वॉर्डात. प्रश्न वरून खाली जातो आणि माहिती खालून वर चढते, वाटेत प्रत्येक टेबलावर एक शब्द गळतो. वॉर्डातला इंजिनिअर लिहितो ‘४० फूट भिंत कोसळली’, ते मंत्र्यापर्यंत येईपर्यंत ‘काही भागाचे नुकसान’ होतं.

फायली कागदावर असल्या की आणखी मजा. २१ जून २०१२ ला मंत्रालयाला आग लागली, माणसं गेली, वरच्या मजल्यांवरच्या फायलींचा कोळसा झाला. त्यानंतर ई-ऑफिसने, म्हणजे फायली कॉम्प्युटरवरच फिरवायच्या पद्धतीने, जोर धरला. म्हणजे आपल्याकडे कॉम्प्युटरवर यायला आग लागावी लागते, असं आमच्या ऑफिसातले एक जुने क्लार्क म्हणायचे. पण निम्मी यंत्रणा ई-फाइलवर आणि निम्मी कागदावर असेल तर काम दुप्पट होतं, कारण प्रिंट काढून सही घेऊन परत स्कॅन करून चढवतात. हसू नका, मी बघितलंय.

सगळं रेकॉर्ड होतं ना? मग शोधायला काय जातंय?

रेकॉर्ड अगदी काटेकोर होतं, त्यात शंका नाही. सभागृहात मधोमध प्रतिवेदक बसतात, शॉर्टहँडमध्ये शब्द न् शब्द उतरवतात, दर काही मिनिटांनी एक उठतो आणि दुसरा बसतो, उठलेला जाऊन आपला तुकडा टाइप करतो. गोंधळ चालू असताना, समोर कागद फाडून उडवले जात असताना, शांतपणे लिहीत असलेली ती माणसं बघितली की मला नेहमी त्यांचंच कौतुक वाटायचं. त्या टाइप केलेल्या पानावर वर लिहिलेलं असतं ‘असुधारित प्रत, प्रसिद्धीसाठी नाही’.

अडचण पुढे आहे. पीडीएफ असते, पण ती आतून वाचता येईल अशी नसते. जुन्या मराठी सरकारी पीडीएफ उघडा आणि एक ओळ कॉपी करून पेस्ट करा, ‘÷ÖÖ»ÖÖ’ असलं काहीतरी उमटतं, कारण तो मजकूर युनिकोडमध्ये नाही, जुन्या फॉन्टमध्ये आहे. डोळ्याला मराठी दिसते, कॉम्प्युटरला ती चिन्हांची रांगोळी. म्हणजे ‘नाला’ असा शब्द सर्च केला तर शून्य रिझल्ट, आणि पान ४१३ वर नाला ढळढळीत लिहिलेला. स्कॅन केलेल्या पानांची तर गोष्टच सोडा, तो नुसता फोटो.

त्यामुळे मला विचाराल तर पहिला पैसा इथे घाला. जुना सगळा मजकूर युनिकोडमध्ये आणा, प्रत्येक भाषणाला तारीख, सदस्याचं नाव, मतदारसंघ, विषय आणि खातं एवढ्या पाच खुणा लावा. संसदेची डिजिटल लायब्ररी आहे, तिथे १९५२ पासूनच्या चर्चा धुंडाळता येतात. आपल्या विधिमंडळाची परंपरा तर त्याहून जुनी, ग. वा. मावळणकर लोकसभेचे पहिले अध्यक्ष व्हायच्या आधी १९३७ पासून मुंबईच्या विधानसभेचे अध्यक्ष होते. रोजगार हमी योजनेमागचे वि. स. पागे विधान परिषदेचे सभापती होते, १९७२ च्या दुष्काळात ज्या योजनेने माणसं जगवली आणि जिचा कायदा आपण १९७७ मध्ये केला, ती पुढे देशभर गेली. त्या वेळी सभागृहात काय बोललं गेलं ते बारावीच्या पोराला मोबाइलवर वाचता यायला नको का?

आता एआय आलंय, भाषणं आपोआप टाइप होतील की!

होतील, आणि व्हावीतच. पण एकदा सभागृहात बसून ऐका. सिंधुदुर्गातला आमदार मालवणी हेल काढतो, अकोल्याचा वऱ्हाडीत टोमणा मारतो, धुळ्याचा मधेच अहिराणीत, मुंबईतला कुणी हिंदीत, आकडे इंग्रजीत, आणि हे सगळं चालू असताना मागून चौघे ‘अध्यक्ष महोदय, अध्यक्ष महोदय’. मशीनला ‘सातबारा’ कळलं तरी खूप. म्हणून मशीनने कच्चा मसुदा द्यायचा आणि प्रतिवेदकाने तो तपासायचा, असं जोडकाम ठीक. प्रतिवेदकांना घरी बसवून मशीनवर सोडलं तर मंत्र्याने ‘देणार नाही’ म्हटलेलं ‘देणार’ होऊन छापून यायचं, आणि मग हक्कभंग कुणावर आणायचा, लॅपटॉपवर?

यूट्यूबवर लाइव्ह दिसतं, अजून काय हवं?

लाइव्ह दिसतं ही खरोखर चांगली गोष्ट आहे. माझ्या आईने नाल्याची चर्चा होईल म्हणून एकदा दिवसभर लावून ठेवलं होतं, वरण करपलं, नाला आला नाही. आठ तासांच्या व्हिडिओत आपला विषय कुठे आहे हे कसं शोधणार? व्हिडिओखाली विषय आणि वेळ टाकली, १२ वाजून १० मिनिटांनी अमुक लक्षवेधी, एवढं जरी केलं तरी लोक बघतील. एका माणसाचं एका दिवसाचं काम.

अधिवेशन वर्षातून किती दिवस चालतं?

कमी. घटनेत एवढंच म्हटलंय की दोन अधिवेशनांमध्ये सहा महिन्यांपेक्षा जास्त अंतर नको, किती दिवस चालवायचं ते लिहिलेलंच नाही. आपल्याकडे बजेटचं, पावसाळी आणि हिवाळी अशी तीन होतात. कोविडमध्ये २०२० चं पावसाळी ७ आणि ८ सप्टेंबर अशा दोन दिवसांत उरकलं, हिवाळी १४ आणि १५ डिसेंबर, तेही मुंबईतच. तेव्हा कारण होतं, समजू शकतो. पण २०२५ चं नागपूरचं अधिवेशनसुद्धा ८ ते १४ डिसेंबर, एक आठवडा, आणि तेव्हा कसलीही साथ नव्हती.

आपणच असे आहोत असंही नाही. पीआरएस ही दिल्लीची संस्था दरवर्षी राज्यांचा हिशोब मांडते, त्यांच्या मते २०२४ मध्ये राज्यांची विधिमंडळं सरासरी २० दिवस बसली. घटनेचा आढावा घ्यायला नेमलेल्या वेंकटचलय्या आयोगाने २००२ मध्ये सांगितलं होतं की ७० हून जास्त आमदारांच्या सभागृहाने वर्षाला निदान ९० दिवस बसावं. ९० कुठे, २० कुठे! शाळेत एवढी हजेरी असती तर परीक्षेला बसू दिलं नसतं.

दिवस वाढवा म्हटलं की सगळे कोरमबद्दल बोलतात. कोरम म्हणजे एकूण सदस्यांच्या एक दशांश, आपल्या विधानसभेत २९. तेवढेही नसले की घंटा वाजवत बसतात. २८८ मधले २९ जमवायला घंटा लागते यावर मी काही बोलत नाही.

नागपूर अधिवेशन बंद करून पैसे वाचवता येतील ना?

हा मुंबईकरांचा लाडका प्रश्न. १९५३ च्या नागपूर करारात शब्द दिलाय की वर्षातून निदान एक अधिवेशन नागपूरला होईल, त्या शब्दावर विदर्भ महाराष्ट्रात आला. तो पाळायचा, विषय संपला. हां, पण त्या निमित्ताने मुंबईहून ट्रक भरून फायली जातात, कर्मचारी महिनाभर आधीपासून बांधाबांध करतात, पत्रकार ‘सुयोग’मध्ये आणि मंत्री रविभवनात राहतात, ते सगळं डिजिटल झालं तर खूप हलकं होईल. माणसं जाऊ देत, खोकी कशाला? आणि गेल्यावर आठवडाभरात परत येऊ नका, विदर्भाचे प्रश्न काय फक्त संत्रा बर्फीपुरते आहेत का.

पूर्ण अधिवेशनच झूमवर का नाही घेत?

ब्रिटनच्या संसदेने २०२० मध्ये काही काळ घेतलं होतं. साथ, पूर असेल तर सोय असावी. एरवी नको. मंत्र्याला लॉबीत गाठून ‘साहेब, तेवढं बघा’ म्हणता येतं, विरोधक आणि सत्ताधारी चहाला एकत्र बसतात, निम्मी कामं तिथे होतात. शिवाय म्यूट करायचं बटन एकाच माणसाच्या हातात असलं तर काय होईल ते तुम्हीच विचार करा. समित्यांच्या बैठका मात्र जरूर ऑनलाइन घ्या, गडचिरोलीच्या अधिकाऱ्याला दहा मिनिटांच्या साक्षीसाठी मुंबईपर्यंत कशाला आणायचं?

बिलं वाचायला आमदारांना वेळ मिळतो का?

खरं सांगू? बऱ्याचदा नाही. आज मांडलं, उद्या मंजूर, असं देशभर चालतं. पीआरएसच्याच हिशोबात २०२३ मध्ये राज्यांमधली ४४ टक्के बिलं मांडल्यापासून एका दिवसाच्या आत मंजूर झाली. आमच्या ऑफिसात बिलाची प्रत सकाळी आली की साहेब म्हणायचे, दुपारपर्यंत यातलं काय बोलू ते दोन ओळीत लिहून दे. मी बी.कॉम. मी काय डोंबल लिहिणार सहकार कायद्याच्या दुरुस्तीवर! कलम अमुक पोटकलम तमुक यातील ‘किंवा’ या शब्दाऐवजी ‘आणि’ हा शब्द दाखल करण्यात येईल, एवढंच त्या कागदावर असतं, मूळ कायदा शेजारी उघडल्याशिवाय अर्थच लागत नाही. जुनं कलम आणि नवं कलम शेजारी शेजारी, बदल रंगात, इतकी साधी गोष्ट स्क्रीनवर करून दिली तर आमदार सोडा, आपणही वाचू.

उलटं उदाहरणही आहे. नक्षलवादी संघटनांवर कारवाईसाठीचं म्हणून सरकारने आणलेलं विशेष जनसुरक्षा विधेयक जुलै २०२४ मध्ये आलं, गदारोळ झाला, डिसेंबरमध्ये पुन्हा मांडून दोन्ही सभागृहांच्या संयुक्त समितीकडे पाठवलं, समितीने लोकांकडून सूचना मागवल्या तर १२ हजारांहून जास्त आल्या. काही बदल झाले आणि जुलै २०२५ मध्ये ते मंजूर झालं. बिल आवडलं की नाही हा वेगळा वाद, तो अजून चालूच आहे. पण लोकांना विचारलं तर लोक लिहितात हे सिद्ध झालं. मग प्रत्येक महत्त्वाच्या बिलाला एक महिना खुला का नको? आणि आलेल्या सूचनांचं काय केलं, कुठली घेतली, कुठली का नाही घेतली, ते पण त्याच पानावर टाका, नाहीतर पोस्टाच्या डब्यात पत्र टाकून डबा समुद्रात सोडल्यासारखं.

पैशांचंही तेच. ३० जून २०२५ ला ५७ हजार ५०९ कोटींच्या पुरवणी मागण्या, म्हणजे बजेटनंतर लागणारा जादा खर्च, मांडल्या आणि चर्चेला मोजके दिवस. त्या जाडजूड पुस्तकात आपल्या तालुक्याचा आकडा शोधायचा म्हणजे गवतात सुई. ते आकडे एक्सेलमध्ये द्या, गाळणी लावून बघू दे लोकांना. वित्त विभागाचं ‘बीम्स’ आहे, त्यात निधीवाटप दिसतं, ते आणि मागण्यांचं पुस्तक एकमेकांना जोडलेलं असावं एवढीच अपेक्षा.

मतदानासाठी बटन का नाही दाबत?

लोकसभेत कित्येक वर्षांपासून दाबतात. आपल्याकडचे दोन प्रसंग आठवा. १२ नोव्हेंबर २०१४ ला फडणवीस सरकारचा विश्वासदर्शक ठराव आवाजी मतदानाने मंजूर झाला, विरोधक म्हणत राहिले की मोजा, मोजणी झाली नाही, आणि कोण कुणाच्या बाजूने होतं ते कागदावर आलंच नाही. दुसरा, जुलै २०२२, शिंदे सरकार. तेव्हा शिरगणती झाली. टीव्हीवर सगळ्या महाराष्ट्राने बघितलं, एकेक आमदार उभा राहतोय आणि मोजणी पुढे सरकतेय, शाळेत पीटीच्या तासाला मोजायचे ना, डिट्टो तसंच. १६४ विरुद्ध ९९. दारं बंद झाल्यावर पोचलेले काही आमदार बाहेरच राहिले. मोजायला वेळ गेला पण निदान कळलं तरी कोण कुठे उभा होता. बटनाने दोन मिनिटांत होईल आणि प्रत्येक आमदाराचं मत कायमचं नोंदलं जाईल. मला वाटतं नेमकं म्हणूनच घाई नाहीये कुणाला.

समित्यांचं इतकं महत्त्व का सांगतात?

कारण सभागृहात कॅमेरा असतो आणि समितीत काम. लोकलेखा समिती कॅगचे, म्हणजे सरकारी खर्चाचं ऑडिट करणाऱ्यांचे, अहवाल तपासते, अंदाज समिती खर्च बघते, आश्वासन समिती मंत्र्यांनी दिलेले शब्द बघते. पंचायत राज समिती जिल्ह्यात येणार म्हटलं की जिल्हा परिषदेत आठवडाभर रात्री लाइट चालू, रंगरंगोटी, रजिस्टरं पूर्ण करणं, तेवढा वचक आहे. केरळमध्ये खात्यांनुसार १४ विषय समित्या आहेत, बिलं त्यांच्याकडे जातात, तसं आपल्याकडे व्हावं.

सगळ्यात आधी मात्र आश्वासनांचा बोर्ड हवा. मंत्री ‘तपासून घेऊ’, ‘तीन महिन्यांत करू’ म्हणाले की त्याला एक नंबर पडावा आणि तो नंबर पार्सल ट्रॅक करतो तसा कुणालाही ट्रॅक करता यावा. संसदेत आश्वासन पूर्ण करायला तीन महिन्यांची मुदत असते, पाळतात किती हा भाग वेगळा. साडी कुठल्या गोडाऊनला पोचली ते मला कळतं, आणि मंत्र्याचा शब्द कुठल्या टेबलावर आहे ते कळत नाही, हे काय आहे?

सभागृहाचे नियम कोण बदलतं? कोर्ट बदलू शकतं का?

नियम सभागृह स्वतःच करतं, घटनेच्या २०८ व्या कलमाने. नियम समिती असते, ती बदल सुचवते. आणि मनात आणलं की फार पटकन बदलतात. डिसेंबर २०२१ मध्ये अध्यक्षांची निवड गुप्त मतदानाऐवजी खुली करण्याचा बदल एका अधिवेशनात झाला. अध्यक्षपद मात्र फेब्रुवारी २०२१ पासून जुलै २०२२ पर्यंत रिकामंच होतं, कारण राज्यपाल आणि सरकारचं जमेना. म्हणजे नियम बदलता येत नाहीत हे कारण कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका.

कोर्ट आतल्या कामकाजात सहसा पडत नाही, पण हद्द ओलांडली की पडतं. जुलै २०२१ मध्ये १२ आमदारांना एका वर्षासाठी निलंबित केलं, सुप्रीम कोर्टाने २८ जानेवारी २०२२ ला ते रद्द केलं, म्हणाले की चालू अधिवेशनापलीकडे निलंबन करता येणार नाही.

यात बायकांचं काय?

बरं झालं विचारलंत. डिसेंबर २०२२ मध्ये देवळालीच्या आमदार सरोज अहिरे आपलं अडीच महिन्यांचं बाळ घेऊन नागपूरला अधिवेशनाला आल्या. तोपर्यंत आमदारही बाळंत होते आणि तिला दूध पाजायला जागा लागते हे कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं. मग हिरकणी कक्ष झाला. ज्या राज्यात हिरकणीची गोष्ट चौथीतल्या पोराला पाठ आहे त्या राज्याच्या विधिमंडळात २०२२ पर्यंत थांबावं लागलं. सुधारणांच्या चर्चेत सर्व्हर, क्लाउड सगळं येतं, पाळणा येत नाही.

सभागृहात मोबाइलवर बंदी घालावी का?

२०२५ च्या पावसाळी अधिवेशनात एका मंत्र्यांच्या मोबाइलवर पत्त्यांचा गेम दिसणारा व्हिडिओ फिरला, ते म्हणाले मी खेळत नव्हतो, जाहिरात होती. असो. मोबाइल काढून टॅबलेट दिला तरी बोटं तीच.

मी साधी नागरिक, मी काय करू शकते?

पुष्कळ. विनंती अर्ज समितीकडे आमदारामार्फत अर्ज करता येतो. विधिमंडळ सचिवालयाला माहिती अधिकार लागू आहे, अर्ज करताना अधिवेशनाचं वर्ष, प्रश्न क्रमांक आणि तारीख लिहा, नुसतं ‘नाल्याची माहिती द्या’ लिहिलंत तर उत्तरात नालाच मिळेल. आमदाराकडे जाताना गाऱ्हाणं तोंडी सांगू नका. एक पान न्या, त्यात जागा, तारीख, फोटो, आधी कुणाकुणाला पत्रं दिली त्यांचे आवक नंबर, म्हणजे पत्र घेताना ऑफिसवाले टाकतात तो नंबर. माझ्यासारखी कुणीतरी तिथे टायपिंगला बसलेली असते, तिला आयतं मिळालं की तुमचा प्रश्न आधी टाइप होतो, हे आतलं गुपित सांगतेय.

प्रत्यक्ष बघायचं असेल तर आमदाराकडून गॅलरीचा पास लागतो. जुलै २०२५ मध्ये लॉबीत कार्यकर्त्यांची हाणामारी झाल्यावर बाहेरच्यांना आत सोडणं खूप कडक केलंय, त्यामुळे पास हातात आल्याशिवाय निघू नका. पोचायला आता मजा आहे, ऑक्टोबर २०२५ पासून मेट्रो तीनचं स्टेशनच ‘विधान भवन’ नावाचं आहे.

त्या नाल्याचं पुढे काय झालं?

आमच्या बाजूची भिंत झाली, पुढच्या पावसाळ्याच्या आधी, साहेबांनी उपप्रश्न विचारला म्हणून. समोरच्या चाळीच्या बाजूची राहिली. त्यांचा आमदार वेगळा, नाल्याच्या मधोमध मतदारसंघाची हद्द जाते. तिकडच्या पाटीलकाकूंनी मागच्या आठवड्यात मला एक पान आणून दिलंय, जागा, तारीख, फोटो, आवक नंबर, सगळं नीट. ते त्यांच्या आमदारांच्या ऑफिसात नेऊन द्यायचंय.